करीम येईपर्यंत

माझा विषय सांगितला की लोक हातातला चहाचा कप खाली ठेवतात. "बऱ्या न होणाऱ्या आजारात घरी होणारी शुश्रूषा" असं मी पुष्कळ गुळगुळीत करून सांगते, तरी समोरच्याला जे ऐकू यायचं ते येतंच, आणि मग तो "वा, छान" म्हणून खिडकीबाहेर बघायला लागतो. माझ्या आईला तर अजून वाटतं की शिकलीसवरलेली मुलगी उठून मरणाऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसते, म्हणजे हिला कुणाची तरी नजर लागली असणार. असो. या हिवाळ्यात मी बुलडाणा जिल्ह्यात जाऊन आले. आल्यापासून भेटेल त्याला तिथल्या कापसाचं आणि घाटातल्या उन्हाचं सांगत सुटलेय आणि मूळ गोष्ट राहूनच जातेय. ती इथे सांगते.

खामगाव

जलंबला गाडी बदलून खामगावच्या छोट्या गाडीत बसले तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. डब्यात सगळे शाली गुंडाळून बसलेले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि गाडी अशी निवांत चालली होती की उतरून शेतातून चालत गेलं असतं तरी चाललं असतं. बाहेर तुरी उभ्या होत्या, त्यांच्यावर धुकं, आणि मधेच एखाद्या शेकोटीचा धूर त्या धुक्यात मिसळत होता. मी जागी होते की झोपेत, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

खामगावात ते धुकं निवळलं, तरी पांढरं काही जाईना. मग लक्षात आलं, हा कापूस आहे. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरण्यांच्या, दारांशी कापसाने फुगलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि त्यातून सुटलेले बारीक तंतू सगळ्या गावावर बसले होते, विजेच्या तारांवर, कडुनिंबांवर, कचोरी तळणाऱ्या माणसाच्या भुवयांवरसुद्धा. कुणी झटकत नव्हतं. मीही थोड्या वेळाने झटकायचं सोडून दिलं आणि दोन कचोऱ्या खाल्ल्या. तिसरी सुषमासिस्टरांनी आग्रह करून खायला लावली.

या सुषमासिस्टर म्हणजे तिथल्या एका लहानशा संस्थेच्या नर्स. संस्थेची जीप गावोगाव फिरते. ज्यांना मोठ्या दवाखान्यांनी "आता घरी न्या" असं सांगितलेलं असतं, त्यांच्या घरी जायचं, दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांचं ऐकून घ्यायचं. मी त्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून जायचं आणि नुसतं बघायचं, असं ठरलं होतं. आमच्या कामात एक नियम फार कडक असतो. एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. इतकंच काय, एकाच घरातलं ओसरीवरचं बोलणं चुलीपाशीही न्यायचं नाही. हा नियम मी विद्यार्थ्यांना घसा कोरडा करून शिकवत आलेय.

"बोलाचंच नाई?" सिस्टर म्हणाल्या. "मॅडम, आमच्या इकडे तुमाले लय जड जाईन."

पिंपळगाव राजा

वामनराव इंगळे यांच्या घरी आम्ही सकाळी पोचलो तेव्हा त्यांच्याकडे भेटायला आलेली माणसं आधीच बसली होती. वामनरावांची सारी जवानी खामगावच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर ते आपल्या गावी येऊन राहिले. आता पोटात कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. अंगणात बाजेवर, भिंतीला पाठ टेकून, पांढरा सदरा गळ्याच्या बटणापर्यंत लावून ते ताठ बसले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली त्यांचा जिनिंगमधला फोटो. "जयभीम, या," म्हणाले, आणि मला चांगल्यातली खुर्ची द्यायला लावली.

त्यांची बायको कमलबाई आम्हाला पाणी द्यायच्या निमित्ताने आत घेऊन गेली आणि दार लोटून हळूच म्हणाली, "बाई, तुमी शिकेल मानसं. पन त्याइच्या म्होरं त्या रोगाचं नाव काढू नका. आमी पित्त सांगतलं हाय. सारं गाव पित्तच म्हनते. त्याइले मालूम झालं तं ते हाय खातीन."

मी मान डोलावली. हे काही मला नवीन नव्हतं, अशी घरं मी पुष्कळ बघितली आहेत. नवीन होती ती पित्ताची मैफल. येणारा प्रत्येक जण पित्तावरचा उपाय घेऊन येत होता. कुणी आवळ्याचा रस, कुणी थंड दूध, कुणी धन्याचं पाणी, आणि वामनराव एकेक घोट सगळ्याचा घेत होते, चव घेतल्यासारखं करून "बरं वाटते" म्हणत होते. माणसं बसत ती उठायचं नाव घेत नसत. तुरीला कसा भाव मिळेल, कुणाच्या सुनेला काय झालं, बोलणं संपलं तरी बसून राहत. पुण्यात माझे सासरे आजारी होते तेव्हा लोक फोन करून येत, शहाळं आणत आणि चपला न काढता दारातूनच निरोप घेता आला तर बरं, अशा चेहऱ्याने उभे राहत. इथे कुणाला घाई नव्हती. मला ते फार आवडलं. मी मनात म्हटलं, मरावं तर असं, चार माणसांत, उन्हात.

सिस्टरांनी मात्र औषधाच्या पाकिटात बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुखण्यावरची मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी घ्यायची असते, दुखायची वाट न बघता. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या संपल्या होत्या. दिवसाच्या जशाच्या तशा होत्या.

"दिवसा नाई घेत," कमलबाई म्हणाली. "म्या किती सांगतलं. तोंड फिरवते."

सिस्टरांना गावात आणखी एका घरी जखम धुवायला जायचं होतं. मी थांबते म्हटलं. कमलबाईने जेवायला वाढलं, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी, आणि रोडग्यावर असं तूप की माझा जीव दडपला. नको म्हणायची सोय नव्हती. माणसंही जेवायला आपापल्या घरी गेली होती. मी अंगणात खुर्चीत येऊन बसले, समोर वामनराव, वर कडुनिंबातून गाळून येणारं ऊन, आणि लांबून कुठूनतरी पाण्याच्या मोटारीचा एकसुरी आवाज. काहीतरी चांगला, अभ्यासपूर्ण प्रश्न विचारायला मी तोंड उघडलं, एवढं आठवतंय.

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं आणि माझ्या अंगावर कुणीतरी शाल घातली होती. अहो, मी झोपले होते. रुग्णाच्या घरी, रुग्णाच्या समोर, तोंड उघडं टाकून. वामनराव तसेच ताठ बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. एक हात बाजेच्या दोरीत अडकवून मूठ इतकी आवळली होती की बोटं पांढरी झाली होती.

"झोपा, झोपा," ते म्हणाले. "थकल्या असान."

"काका, तुम्हाला दुखतंय. गोळी का नाही घेतली?"

"गोई घेतली का डोये मिटते, ताई. समोर मानूस बसेल अन् आपन घोरून राह्यलो, हे बरं दिसते का? लोक कामधंदा टाकून येते."

"पण मी तर झोपले होते."

"म्हून तं मी जागा होतो. पाहुनी झोपली अन् घरचाही झोपला, तं पाहुनीकडे पाहाले कोन?"

माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. सकाळपासून मी ज्या माणसांच्या गोतावळ्यावर भाळले होते, त्यातल्या प्रत्येकासाठी हा माणूस दिवसभर दुखणं काढत बसत होता, आणि आज त्यात माझीही भर पडली होती. मी म्हटलं, "आता कुणी नाही. आता घ्या. मी जाते बाहेर."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी आत, कमलबाई भांडी घासत होती तिकडे, कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला.

"एक डाव करीम येऊन जाऊ द्या. मंग घेतो म्हनान तेवढ्या."

करीम म्हणजे त्यांचा जिनिंगमधला जोडीदार. एकाच गाठीला दोघं दोन बाजूंनी पट्ट्या आवळायचे. एकाच डब्यात जेवायचे, एकाच सायकलवर सिनेमाला जायचे. पुढे करीमभाई आपल्या गावी देऊळघाटला परतले, तिथे गाद्या करतात. "तो काई आला नाई," वामनराव म्हणाले. "आज येईन, उद्या येईन. अन् तो दुपारी आला अन् मी झोपेल राह्यलो तं? मंग तो बसून, पाहून, निंघून जाईन. उठवनार नाई तो. त्याले मालूम हाय मले झोपेतून उठवलं का मी चिडतो."

"फोनवर बोलता ना?"

"रोज बोलतो. फोन कमलजवय राह्यते, ते बाजूले बसेल राह्यते. मी म्हनतो पित्त हाय, तो म्हनते आवळा घे. पित्तासाठी कोन येते ताई घाट उतरून?" मग माझ्याकडे बघत म्हणाले, "सिस्टर सांगत होत्या, तुमी उद्या बुलडाण्याले जाऊन राह्यल्या ना? देऊळघाट तिथून जवयच हाय. त्याले सांगा."

"काय सांगू?"

"कॅन्सर हाय म्हना."

ते हसले, अगदी थोडं. "मले मालूम हाय, ताई. त्या दवाखान्याच्या दारावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिवेल होतं. अन् कमल मले म्हने, खाली पाहून चाला, पायरी हाय. मी पाह्यलं खाली. काय करता." पुन्हा त्यांनी आतला कानोसा घेतला. "पन तिले सांगू नका मले मालूम हाय म्हून. लय मेहनतीनं लपवून राह्यली बिचारी."

संध्याकाळी जीपमध्ये मी सिस्टरांना म्हटलं की मला देऊळघाटला जायचंय. का, ते सांगितलं. सांगताना माझा नियम मोडलाच होता, म्हणा. त्यांनी ड्रायव्हरला सकाळी लवकर यायला सांगितलं. मला भीती वेगळीच होती. करीमभाई येऊन रडायला लागले तर? कमलबाईने इतके दिवस जिवापाड जपलेलं सगळं माझ्यामुळे ढासळलं तर? मी तर चार दिवसांनी पुण्याला निघून जाणार. पण ती पांढरी झालेली बोटं डोळ्यांपुढून हलेनात. म्हटलं, नियम गेला खड्ड्यात.

घाट, आणि देऊळघाट

खामगावहून बुलडाण्याला जाताना बोथ्याचा घाट लागतो, तिथे जंगल आहे. सागाची ताटाएवढी पानं वाळलेली, त्यांतून सकाळचं ऊन तिरकं उतरत होतं, आणि रस्त्याच्या कठड्यावर लंगूर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, कुणाच्या तरी घरी भेटायला आल्यासारखे. सिस्टर पुढे डुलकी काढत होत्या. ड्रायव्हरने गाणं बंद केलं. वर चढत गेलो तशी हवा थंड होत गेली आणि माझ्या मनातली वाक्यं, जी मी रात्रभर जुळवली होती, एकेक करून निसटत गेली. देऊळघाट आलं तेव्हा मला आपण कशासाठी आलोय हेही क्षणभर आठवेना, इतकं ते हरभऱ्याचं हिरवं रान डोळ्यांत भरलं होतं.

करीमभाईंचं घर कुणीही दाखवलं असतं. अंगणात कापूस पिंजायचं यंत्र, कापसाचे ढीग, आणि मधे एका पसरलेल्या गादीवर उकिडवे बसलेले, लांब सुईने टाके घालणारे म्हातारेबुवा. दाढीत कापूस होता की दाढीच तशी होती, कळायला मार्ग नव्हता. मी वामनरावांकडून आले म्हटल्यावर त्यांनी सुनेला चहा सांगितला आणि सुई चालूच ठेवली.

मी सांगितलं. जुळवलेलं काहीच आठवलं नाही, म्हणून सरळच सांगितलं, कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत.

"मालूम हाय," करीमभाई म्हणाले. टाका ओढून घट्ट केला. "पित्तानं आवाज असा होते का, बहनजी? फोनवर आयकतो मी रोज."

"मग तुम्ही आला का नाहीत?" माझा आवाज जरा चढलाच. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू.

"कसा येऊ? मी कुठं जात नाई. भाचीच्या शादीले नाई गेलो, लोक नाराज झाले. घाट उतरून मी त्याच्या दारात उभा राह्यलो का वामन समजूनच जाईन, आता आपलं काई खरं नाई. करीम आला म्हंजे खेल खतम. मी नाई गेलो तेवढेच दिवस त्याले पित्त हाय, असं समजून राह्यलो होतो."

"त्यांना माहीत आहे, करीमभाई. पहिल्यापासून."

सुई थांबली. "अन् भाभीले?"

"त्यांनीच तर लपवलंय."

ते माझ्याकडे, मग सिस्टरांकडे, मग हातातल्या गादीकडे बघत राहिले. "तिले मालूम, त्याले मालूम, मले मालूम," म्हणाले. "मंग लपवून कोनापासून राह्यलो हो आमी?"

सुनेने आणलेला चहा आम्ही प्यालो. त्यांनी सुई कापडात खोचली, आत जाऊन आंघोळ केली, धुवट कपडे आणि टोपी घालून आले आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसले. घाट उतरताना त्यांचे डोळे मिटलेले होते, पण मांडीवरची बोटं टाके घालत होती.

पुन्हा पिंपळगाव

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. अंगणात दोनतीन जण बसलेले होते. वामनराव कालच्यासारखेच ताठ. करीमभाई फाटकातून आत आले आणि बाजेसमोर उभे राहिले. कुणी मिठी मारली नाही, कुणी रडलं नाही.

"आला?" वामनराव म्हणाले.

"आलो. काऊन रे, वायून गेला बे तू."

"तू कोनता पयलवान राह्यला."

करीमभाई खुर्चीवर बसले नाहीत, बाजेवरच बसले, त्यांच्या पायांशी. जिनिंगचं बोलणं निघालं. कुणीतरी एक सुपरवायझर होता, तो रुईच्या ढिगात झोपायचा आणि उठल्यावर त्याला मिशा दिसायच्या नाहीत, असं काहीतरी. बसलेले हसले. मी दाराशी उभी होते ती बाजूला सरकले, कारण कमलबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती, आणि करीमभाईंना बघून तिचा चेहरा जो झाला, त्यात सरळ लिहिलं होतं की हा इथे का आला ते तिला कळलंय.

करीमभाईंनी कप घेतला. मग गावातल्या माणसांदेखत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "भाभी, ह्याले कॅन्सर हाय. तुमाले मालूम हाय ना?"

कमलबाई ट्रे धरून तशीच उभी. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाली, "हाव."

"अन् तुले बे?"

"हाव," वामनराव म्हणाले.

"मले भी. झालं मंग."

कमलबाई ट्रेसकट खाली बसली. तोंडाला पदर लावायचं तिला सुचलं नाही, ती मोठ्याने रडली, त्यांच्या समोर, आणि माझी खात्री आहे की हे ती त्या घरात पहिल्यांदा करत होती. आत चुलीपाशी किती वेळा रडली असेल ते तिलाच ठाऊक. वामनराव तिला गप्प बस म्हणाले नाहीत. हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. मीही रडत होते. सिस्टर औषधाच्या पाकिटाकडे बघत होत्या.

"कमल," थोड्या वेळाने वामनराव म्हणाले, "ते गोई दे आता."

तिने उठून गोळी आणली, पाणी आणलं. त्यांनी घेतली आणि करीमभाईंकडे बघत राहिले, काहीतरी बोलायला हवं म्हणून शब्द शोधत.

"झोप बे," करीमभाई म्हणाले. "मी काई पाहुना हावो का?"

वामनरावांनी गळ्याचं बटण काढलं. करीमभाईंनी त्यांना खांद्याला धरून आडवं केलं, उशी सारखी केली, आणि पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. थोड्या वेळाने दोरीत अडकलेला हात आपोआप सुटला आणि बाजेखाली लोंबायला लागला. ऊन कडुनिंबातून त्यांच्या तोंडावर येत होतं, ते करीमभाईंनी टोपीने अडवलं. आलेली माणसं उठली नाहीत, आवाज न करता चहा पीत बसून राहिली.

मी पुण्याला परतले. सुषमासिस्टरांचा मधूनमधून फोन यायचा, शेवटचा आला तो वामनराव गेल्याचा. घरीच गेले, दुपारी, झोपेत. करीमभाई तोवर परत गेलेच नव्हते. त्यांच्या गाद्या देऊळघाटला अर्ध्याच पडून होत्या आणि लोक ओरडत होते. मी विचारलं, दिवसाच्या गोळ्या घेत होते ना? सिस्टर म्हणाल्या, घेत होते, एकही चुकली नाही. भेटायला माणसं शेवटपर्यंत येत होती, पण आता आवळ्याचा रस कुणी आणत नव्हतं. कमलबाई दाराशीच बसायची आणि येणाऱ्याला सांगायची, "कॅन्सर हाय त्याइले. झोपले हाय. बसा."